सुटं फूल

बोटीवर आम्ही अकरा प्रवासी होतो आणि त्यातले दहा हिरवं बघायला आले होते. अकरावी माझी मावशी. पहिल्या दिवशी सकाळी बोट समुद्रातून खाडीत शिरली, दोन्ही काठांवर खारफुटीची भिंत उभी राहिली आणि सगळे कठड्याला चिकटून ‘अहाहा’ करू लागले, तेव्हा मावशी डोळे बारीक करून म्हणाली, “यातलं निम्मं वाळल्यावर काळं पडेल.”

तिचा दोष नाही. चौतीस वर्षं तिने एका संस्थेच्या हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या झाडांच्या संग्रहात, नमुने चिकटवायचं काम केलं. जंगलात फिरणारे लोक फांद्या रद्दी कागदात दाबून गठ्ठे पाठवत. मावशी गठ्ठा उघडायची, फांदी जाड पांढऱ्या कागदावर मांडायची, गोंद लावायची, दांडे दोऱ्याने टाचायची. अशी तिने अकरा हजारांवर शीट्स केली. तिची सगळी झाडं चपटी, तपकिरी आणि डांबरगोळ्यांच्या वासाची. तीच झाडं फुगीर आणि ओली होऊन, वाऱ्यावर हलत समोर आली की ती गोंधळायची. “एका जागी उभं राहत नाही गं हे,” अशी तिची तक्रार.

मी नुकतीच रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाले होते. निकाल लागला त्याच आठवड्यात मावशीने फोन केला, “एका बोटीवर दोघींची जागा घेतलीय. सहा दिवस. नाही म्हणू नकोस, माझे गुडघे एकटे जायला तयार नाहीत.” आई म्हणाली, “ही आणि बोट? हिला बादलीतलं पाणी हललं तरी मळमळतं.” का जायचंय हे मावशीने आईलाही सांगितलं नाही.

बोट लहान, बावीस मीटरची. सहा खोल्या, एक जेवणघर आणि मागे बांधलेल्या दोन होड्या. रोज दोनदा होडीत बसून किनाऱ्यावर उतरायचं आणि मास्तर दाखवतील ते बघायचं. मास्तर म्हणजे बोटीवरचे निसर्ग-मार्गदर्शक. पन्नाशीचे, काटकुळे, पूर्वी शाळेत विज्ञान शिकवायचे. हाक मारण्यापुरती शाळा अजून चिकटून राहिली होती.

पहिल्याच उतरणीला चिखलावर निवटे दिसले. मासे असून पाण्याबाहेर बसलेले, दोन पंखांच्या कोपरांवर रेलून, ओट्यावर गप्पा मारायला बसावं तसे. शेजारी बोटाच्या पेराएवढे खेकडे, प्रत्येकाची एकच नांगी अंगापेक्षा मोठी, आणि ती ते सारखी वर-खाली करत होते. मी घड्याळ लावून मोजलं: एक खेकडा मिनिटाला अठरा वेळा, त्याचा शेजारी बावीस वेळा. दोघांत मादी येऊन बसली तेव्हा पहिलाही बावीसवर गेला.

“स्पर्धा परीक्षा,” मागून दुर्बीणकाका म्हणाले. हे आणि त्यांची बायको, दुर्बीणकाकू, झोपताना तरी दुर्बीण गळ्यातून काढत असतील का, अशी मला शंका होती.

मावशी चिखलाकडे बघतही नव्हती. ती वाकून वाळकी पानं उचलत होती. एक तिने उजेडाकडे धरलं आणि मास्तरांना झाडाचं कूळ, मग नाव सांगितलं. मास्तर वर बघून, झाड शोधून, पान जुळवून परत आले.

“मावशी, बरोबर आहे! कसं ओळखलंत?”

“शिरा बघा ना. काठाला पोचायच्या आत वळून एकमेकींचा हात धरतात. हिरव्या पानात त्या दिसत नाहीत, फार गर्दी असते.”

त्या दिवसापासून मास्तर तिला ‘आपल्या मावशी’ म्हणू लागले. तिला ते आवडलं असावं, कारण तिने त्यांना दोनदा ‘अहो, हळू चाला’ म्हणून दटावलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन इतकं होतं की सगळे आपापल्या खोल्यांत पंख्याखाली पडले होते. मावशीने पिशवीतून एक फोटो काढला आणि माझ्यासमोर ठेवला. एका शीटचा फोटो. एक फांदी, नऊ पानं, आणि तिसऱ्या पानाच्या बगलेत, म्हणजे देठ फांदीला मिळतो त्या खाचेत, एक सुकलेलं फूल. खाली क्रमांक: ४४१७.

“हे मी केलंय,” ती म्हणाली.

“छान दिसतंय.”

“तेच तर. छान दिसावं म्हणूनच केलंय.”

मग तिने सांगितलं. एकतीस वर्षांपूर्वी एक गठ्ठा आला. त्यात ही फांदी होती, आणि त्याच कागदाच्या घडीत एक सुटं फूल. सोबतच्या चिठ्ठीवर एवढंच: ‘फूल एक, तांबूस तपकिरी’. ते कुठे लागलं होतं, एक अक्षर नाही. असं सुटं काही आलं की हर्बेरियमचा नियम पक्का: लहान कागदी पाकीट करायचं, त्यात ते घालायचं, पाकीट शीटच्या कोपऱ्यात चिकटवायचं. आपल्याला वाटतं म्हणून फांदीवर लावायचं नाही.

“मी लावलं,” मावशी म्हणाली. “त्या दिवशी मोठ्या बाई शीट बघायला येणार होत्या. नुसती पानं भुंडी दिसत होती गं. मला वाटलं, त्याच झाडाचं आहे, पानाच्या बगलेतच असणार, बहुतेकांचं असतं. देठ जाड होता, बगलेत बसेना. ब्लेडने छाटला. चार मिलिमीटर.”

मोठ्या बाई म्हणजे तिच्या संस्थेच्या प्रमुख. त्यांनी शीट बघितली आणि त्यांचे डोळे चमकले. असं झाड कुणी नोंदवलेलंच नव्हतं. त्यांनी विचारलं, “फूल असंच लागलेलं आलं ना?”

“आणि तू?”

“मी ‘हो’ म्हटलं.”

बाईंनी त्या शीटवरून नवी जात जाहीर केली. तिच्या वर्णनात आलं: फुलं पानांच्या बगलेत, एकेकटी. पुढे ते पुस्तकात गेलं, त्या पुस्तकावरून दुसऱ्या पुस्तकात. फांदी पाठवणारा माणूस पुढच्याच वर्षी आजाराने गेला. बाई चार वर्षांपूर्वी गेल्या. त्या जातीचं फूल त्यानंतर कुणाच्या हाती लागलेलं नाही.

“आणि ते झाड या खाडीत आहे,” मी म्हटलं.

“उद्याच्या उतरणीत. छापील कार्यक्रमात लिहिलंय, म्हणून तर ही बोट घेतली.” तिने फोटो उलटा ठेवला. “फूल पानाच्या बगलेत असलं तर मी सुटले. नसलं तर बाईंच्या पुस्तकात माझं खोटं छापलंय. आणि शिक्का त्यांच्या नावाचा.”

“नसलं तर सांगशील?”

तिने फोटो पुन्हा पिशवीत घातला. “आधी बघू तर दे,” म्हणाली.

संध्याकाळी चहाच्या वेळी मास्तरांनी जेवणघरात उद्याची माहिती दिली. त्यांनी ४४१७चा फोटो भिंतीवर दाखवला आणि माझ्या शेजारी मावशीने कप बशीत ठेवला.

“हे झाड,” मास्तर म्हणाले, “खारफुटीच्या मागच्या दलदलीत, एकाच ठिकाणी आहे. सात खोडं. आणि याचं फूल जिवंत कुणी पाहिलेलं नाही. मी सहा वर्षं येतोय. शेंड्यापर्यंत दुर्बिणीने एकेक फांदी तपासलीय, एकदा तर दोर लावून वर चढलो. पानाच्या बगलेत काही म्हणजे काही नाही. आता तुम्हीच सांगा, नजर लागली की काय त्याला?”

“मास्तर, तुमच्या मानेचं काय झालं मग?” दुर्बीणकाकूंनी विचारलं.

“ती तेव्हापासून डावीकडेच बघते.”

सगळे हसले. मावशी हसली नाही. मला मात्र एक गोष्ट टोचली. सहा वर्षं, निरनिराळे महिने, सात झाडं, आणि शून्य फुलं. प्रयोगात सारखं शून्य आलं की दोन शक्यता असतात: मोजायची वस्तू तिथे नाही, किंवा आपण भलत्या जागी मोजतोय.

सकाळी पावणेआठला होडी निघाली. होडीवाल्याने आधीच बजावलं, “साडेनऊला पाणी उतरतं. सव्वानऊला होडीत बसायचं. उशीर केलात तर सहा तास चिखलात, निवट्यांच्या पंक्तीला.”

खारफुटी संपली, आणि आतली दलदल सुरू झाली तसा उजेड एकदम कमी झाला. डोक्यावर फांद्या, फांद्यांवर नेचे, नेच्यांवर शेवाळ. एका झाडावर मी तेरा प्रकारची झाडं मोजली आणि चौदाव्याशी वाद घालत बसले, कारण ते झाड नसून पानासारखा किडा निघाला. वरून जड पंखांचा आवाज गेला, जुनी शिट्टी फुंकावी तसा. दुर्बीणकाका कुजबुजले, “धनेश! जोडी!” आणि त्यांच्या आनंदाचं निम्मं वजन माझ्या पायावर पडलं.

आठ वाजून पंचवीस मिनिटांनी सात खोडांपाशी आलो; होडी मागे हाकेच्या अंतरावर होती. मावशीने आधी जमिनीवरचं एक वाळकं पान उचललं, अंगठ्याने त्याचा काठ चाचपला आणि मान हलवली. तेच झाड.

मास्तरांनी सगळ्यांना जागा वाटून दिल्या. अकरा जणांनी माना वर केल्या. दुर्बिणी एका खोडावरून दुसऱ्या खोडावर गेल्या. वरच्या पानांत एक हिरवा सरडा, मुंग्यांचं शिवलेलं घरटं, एका फांदीवर वटवाघळांची रांग, उलटी टांगलेली, प्रत्येकाने आपापली शाल घट्ट ओढलेली. फूल नाही.

मावशी दुर्बिणीतून एकेका बगलेत बघत होती. एक फांदी संपली की पुढची. आठ बावन्नला तिने दुर्बीण माझ्याकडे दिली.

“नाहीये गं.”

मी तिला बाजूला घेतलं. “तुला त्या फुलाचं आणखी काय आठवतं? लावायच्या आधीचं?”

“काय आठवायचं? एकतीस वर्षं झाली.”

“चार मिलिमीटर आठवतात ना?”

तिने डोळे मिटले. “जाड देठ. वाकडा. आणि...” डोळे उघडले. “चिखल होता. देठाला वाळलेला चिखल. मी ब्रशने झाडला. मला वाटलं, खाली पडलं असेल.”

आम्ही दोघींनी एकाच वेळी खाली बघितलं. खोडांच्या बुडाशी घोटाभर पाचोळा होता, सातही खोडांभोवती, पसरत गेलेला. काही झाडांना फुलं खोडावरच येतात हे मी मास्तरांकडूनच दोन दिवसांपूर्वी ऐकलं होतं. बुडाशी, पाचोळ्याखाली येत असतील तर वर बघणाऱ्याला ती जन्मात दिसली नसती.

“मी एकटी शोधते,” मी हळूच म्हटलं. “कुणाला काही कळणार नाही. मिळालं तर म्हणू, सहज दिसलं.”

“वेळ किती?”

“एकवीस मिनिटं.”

मावशीने सात खोडांकडे पाहिलं, मग माझ्या दोन हातांकडे. मी काही बोलायच्या आत ती मास्तरांकडे निघाली होती, गुडघ्यांसकट.

“मास्तर, तुमची मान खाली करा,” ती म्हणाली. “सगळ्यांनीच करा. ते शीट मी केलंय. फूल सुटं आलं होतं. बगलेत मी लावलं, माझ्या मनाने. विचारलं तेव्हा खोटं बोलले. देठाला चिखल होता. ते खाली असणार.”

दुर्बिणी एकेक करून खाली आल्या.

“म्हणजे,” दुर्बीणकाका म्हणाले, “मास्तरांची मान सहा वर्षं दुखतेय ती तुमच्यामुळे?”

“गप्प बसा हो,” काकू म्हणाल्या.

“दुखतेय ती माझ्यामुळेच,” मावशी म्हणाली.

मास्तरांचा चेहरा मी नीट बघू शकले नाही; त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली, दोनदा. मग ते पहिल्या खोडापाशी गेले, गुडघ्यांवर बसले आणि पाचोळ्यात हात घालणार तेवढ्यात मावशी ओरडली.

“असं नाही! उकरायचं नाही. गठ्ठा उघडतो तसं. वरचं पान आधी, उचलून बाजूला ठेवायचं, मग त्याखालचं. फाडलंत तर काय कशाला लागलं होतं ते पुन्हा कळणार नाही.”

आणि अकरा प्रवासी, एक मास्तर आणि ‘मी काय इथे नुसता उभा राहू?’ म्हणत आलेला होडीवाला, असे तेरा जण चिखलात बसून एकेक पान उचलू लागलो. पाचोळ्याखाली वेगळीच वस्ती होती. पांढरे बुरशीचे धागे, नखाएवढा बेडूक, गोगलगाईची अंडी मोत्यांसारखी. एरवी मी प्रत्येकापाशी दहा मिनिटं घालवली असती.

मला आधी वास आला. पिकलेल्या केळ्यांचा, पण किंचित आंबलेला. प्रयोगशाळेत एस्टर ही फळांच्या वासाची रसायनं बनवताना हाच वास दिवसभर केसांत राहायचा. इथे केळी नव्हती. मी नाक जमिनीला लावून पुढे सरकले. कुणी हसलं असेल, मी बघितलं नाही. वास चौथ्या खोडाकडे दाट होत होता, आणि तिथे दुर्बीणकाकू बसल्या होत्या.

“इथे दोरीसारखं काहीतरी आहे,” त्या म्हणाल्या. “मूळ असेल.”

त्यांनी एक पान उचललं. दोरीच्या टोकाला फूल होतं.

सहा जाड पाकळ्या, तीन बाहेर, तीन आत. बाहेरून गंजासारखी लव, आतून कच्च्या मांसाचा लाल. मधल्या पोकळीत मोहरीएवढे काळे भुंगे, सात की आठ, एकमेकांच्या अंगावरून चालत होते. त्यांना आमचं काही पडलेलं नव्हतं.

मास्तरांनी श्वास सोडला. पण ते आनंदले नाहीत. त्यांनी बोट त्या दोरीवर ठेवलं आणि ती मागे मागे चाचपत नेली. पानाखालून, एका मुळावरून, पुन्हा चिखलात. अठ्ठेचाळीस सेंटिमीटर, मी नंतर मोजलं. बोट शेवटी खोडाला लागलं आणि थांबलं. दोरी खोडातून निघत होती. शेजारून वेल नव्हती, दुसरं झाड नव्हतं.

“याचंच आहे,” मास्तर म्हणाले. “मावशी, या. बघा.”

मावशी आली, वाकली. “मला नाही ओळखता येत,” ती म्हणाली. तिला रडू येत होतं. “हे फार ओलं आहे.”

मग तिची नजर दोन बोटं पलीकडे गेली. तिथे एक जुनं फूल गळून पडलं होतं. सुकलेलं, तपकिरी, पाचोळ्याच्या वजनाने चपटं झालेलं. तिने ते तळहातावर घेतलं, पालथं केलं, देठाकडचा भाग बघितला. देठ जाड होता, वाकडा, टोकाला वाळलेला चिखल.

“हेच,” ती म्हणाली. “हेच आलं होतं.”

“नऊ अठरा!” होडीवाला स्वतःच्याच गुडघ्यांवरचा चिखल झाडत ओरडला. “पंक्तीला बसायचंय का?”

परतताना खाडीच्या मध्यावर मास्तर मावशीकडे वळले.

“तुम्ही तेव्हा पाकिटात ठेवलं असतं, तर मी पहिल्याच वर्षी खाली बघितलं असतं.”

“हो.”

“सहा वर्षं, मावशी.”

“हो,” ती पुन्हा म्हणाली. माफी मागितली नाही. मला वाटतं, तिला ती फार स्वस्त वाटली असावी. थोड्या वेळाने तिने विचारलं, “ते भुंगे फुलात काय करत होते? राहतात का तिथे?”

होडीने एक वळण घेतलं, मग दुसरं.

“माहीत नाही,” मास्तर शेवटी म्हणाले. “रात्री राहत असतील. सकाळी पराग घेऊन निघत असतील. किंवा आत कोंडले जात असतील.” त्यांनी वही काढली. “कुणीतरी चोवीस तास बसून बघायला पाहिजे.” आणि लिहायला लागले. मान खाली.

दुपारी मावशीने मला कागद घेऊन बसवलं. हर्बेरियमच्या शीटवर आधीचं काही कधी खोडत नाहीत. चूक सापडली तर वेगळी चिठ्ठी लिहायची, कुणाला काय आढळलं ते, तारीख, सही, आणि ती त्याच शीटवर लावायची. जुनं आणि नवं दोन्ही शेजारी राहतं, वाचणाऱ्याने ठरवायचं. चौतीस वर्षांत मावशीने अशा शेकडो चिठ्ठ्या लावल्या होत्या, दुसऱ्यांच्या. अकरा हजार शीट्सवर तिचं नाव एकदाही नव्हतं. चिकटवणाऱ्याचं नाव लिहायची पद्धतच नाही.

मी लिहिलं: ‘या शीटवरील फूल सुटे आले होते. चिकटवताना ते चुकून पानाच्या बगलेत लावले गेले. फुले प्रत्यक्षात खोडाच्या बुडापासून निघणाऱ्या फुटव्यांवर, पाचोळ्याखाली येतात.’

तिने चष्मा लावून वाचलं. “‘चुकून’ काढ.”

“अगं, पण...”

“मुद्दाम लावलं होतं. ‘मुद्दाम’ लिही. आणि ‘लावले गेले’ काय? भुतांनी लावलं का? ‘मी लावले’ लिही. बाईंनी विचारल्यावर ‘हो’ म्हटले, तेही घाल. नाहीतर उद्या कुणीतरी म्हणेल, बाईंनी विचारलंच नाही.”

मी दुसरा कागद घेतला आणि ती म्हणाली तसं लिहिलं. देठाचे चार मिलिमीटरही घातले. तिने खाली पूर्ण नाव लिहिलं, तारीख टाकली, आणि शाई वाळेपर्यंत कागदावर फुंकर घालत बसली.

“फूल काढून पाकिटात घालायला सांगू का त्यांना?” मी विचारलं.

“नको. बाईंनी तेच बघितलं होतं, ते तसंच राहू दे.” तिने चिठ्ठीची घडी घातली नाही, दोन कोऱ्या कागदांच्या मध्ये सपाट ठेवली आणि माझ्याकडे दिली. “आता तिथे एक नवी मुलगी चिकटवते म्हणे. तिला सांग, गोंद एकाच कडेला लावायचा. चिठ्ठी उचलून खालचं वाचता आलं पाहिजे.”